‘टच गेलाय’ म्हणून डिस्प्ले बदलण्याआधी : मोबाईल आणि टॅबची स्क्रीन घरीच अशी तपासा

बेळगाव : भाजीच्या गाड्यावर क्यूआर कोड स्कॅन झाला, पन्नास रुपये टाकायचे म्हणून बोट लावलं आणि शून्य दोनदा उमटलं. गर्दीत रक्कम न बघता पिन टाकला की पन्नासचे पाचशे गेले. कधी ‘क’ दाबला की शेजारचं अक्षर उमटतं, कधी आलेला फोन उचलायला बोट ओढून ओढून रिंग संपते, तर कधी कोणी हात न लावताच ॲप आपोआप उघडतात आणि बंद होतात.

असा फोन घेऊन माणूस दुकानात गेला की निकाल दोन मिनिटांत लागतो. ‘टच गेलाय, फोल्डर बदलावा लागेल.’ दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत फोल्डर म्हणजे वरची काच, टच आणि डिस्प्ले असा एकत्र संच. साध्या फोनमध्ये हाच सगळ्यात महागडा भाग. पुष्कळदा हा निकाल बरोबरच असतो. पण काही वेळा दोष नुसत्या टेम्पर ग्लासमध्ये, चार्जरमध्ये किंवा एखाद्या ॲपमध्ये असतो. कधी तो आत मदरबोर्डवर असतो. मग नवा फोल्डर बसवून, पैसे मोजूनही तक्रार जिथल्या तिथेच राहते.

म्हणून खिशात हात घालण्याआधी पंधरा-वीस मिनिटं काढून स्क्रीन स्वतः तपासलेली बरी. त्यासाठी कसलं मशीन लागत नाही, पैसे देऊन ॲप घ्यावं लागत नाही. एक कोरा कागद, एक पेन, एक पट्टी आणि फोनमध्येच असलेल्या सोयी एवढ्यावर काम भागतं.

टच चालतो कसा?

तपासणी समजायची तर काचेखाली काय चालतं ते थोडं माहीत हवं. आजच्या बहुतेक फोनची स्क्रीन ‘कपॅसिटिव्ह’ प्रकारची असते. काचेखाली डोळ्यांना न दिसणाऱ्या, वीज वाहून नेणाऱ्या रेषांची उभी-आडवी जाळी असते. माणसाच्या शरीरातूनही वीज वाहते. बोट जवळ आलं की त्या जागच्या विद्युतभारात किंचित फरक पडतो. टच कंट्रोलर नावाची चिप हा फरक सेकंदाला कित्येक वेळा मोजते आणि बोट नेमकं कुठे आहे ते ठरवते. १२० हर्ट्झचा टच म्हणजे सेकंदाला १२० वेळा, साधारण दर ८ मिलिसेकंदांनी एकदा मोजणी.

यात दाबाचा संबंध नाही. पूर्वीच्या काडीने चालवायच्या काही फोनमध्ये स्क्रीन दाबावी लागायची. त्या सवयीने अजूनही बरेच जण टच चालेनासा झाला की जोरात दाबतात. त्याने काम होत नाही, उलट तडकलेली काच आणखी तडकते.

हे तंत्र आजचं नाही. ब्रिटनच्या रडार संशोधन संस्थेतले ई. ए. जॉन्सन यांनी बोटाने चालणाऱ्या स्क्रीनची कल्पना १९६५ मध्ये मांडली. विमान वाहतुकीच्या नियंत्रणासाठी ती होती. २००७ मध्ये आयफोन आला आणि दोन बोटांनी फोटो मोठा करायची सवय जगाला लागली.

या रचनेतून तपासणीसाठी तीन गोष्टी कळतात. एक, बोट आणि जाळी यांच्या मध्ये जे येतं ते अडथळा करू शकतं. दोन, जाळीची एखादी रेष तुटली तर सरळ पट्टाच मरतो. तीन, काच, जाळी, जोडणारी पट्टीसारखी केबल, चिप आणि सॉफ्टवेअर यांपैकी कुठेही बिघाड झाला तरी वापरणाऱ्याला दिसतं एकच, ते म्हणजे टच चालत नाही.

आधी साध्या गोष्टी उरकून घ्या

फोन चार्जरवरून काढा. मागचं कव्हर काढा, कारण घट्ट कव्हराची कड स्क्रीनच्या काठावर दाबली जाते. फोन बंद करून स्क्रीन मऊ सुती कापडाने पुसा. तेलकटपणा असेल तर कापड अगदी किंचित ओलं करा, पाणी किंवा फवारा थेट स्क्रीनवर नको. मग फोन चालू करा. नुसतं बंद-चालू करूनही काही तक्रारी जातात.

हात धुऊन कोरडे करा. पाण्याचा थेंबही वीज वाहून नेतो, त्यामुळे फोनला तो बोटासारखा वाटू शकतो. पावसाळ्यात खानापूर भागात किंवा जांबोटीच्या वाटेवर भिजलेल्या फोनवर टच वेडावाकडा चालला तर लगेच स्क्रीनला दोष देऊ नका. फोन बंद करून पुसा, कोरड्या जागी ठेवा आणि पूर्ण सुकल्यावरच तपासा. चुलीजवळ किंवा हेअर ड्रायरने तापवू नका.

उलट बाजूही आहे. बोटाची कातडी फार कोरडी किंवा घट्टे पडलेली असेल तर टच नीट ओळखला जात नाही. शेतात राबणारे, वडगाव-शहापूर भागात मागावर बसणारे, गवंडीकाम करणारे यांचा हा नेहमीचा अनुभव. अशा वेळी फोन घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्या. त्याच्या बोटाला फोन व्यवस्थित दाद देत असेल तर फोन ठीक आहे. बोटाला थोडं क्रीम लावून पुसलं, किंवा टोकाऐवजी बोटाचा मऊ भाग टेकवला की काम होतं.

यानंतर टेम्पर ग्लास. त्याखाली धूळ, बुडबुडे किंवा काठाला उचललेला भाग असेल तर तो काढून टाका आणि मगच पुढची तपासणी करा. काच जाड असेल आणि ती काढायची नसेल, तर सेटिंगमध्ये एकदा बघा. सॅमसंगसारख्या काही कंपन्यांच्या फोनमध्ये ‘डिस्प्ले’खाली ‘टच सेन्सिटिव्हिटी’ नावाचं बटण असतं. ते स्क्रीनवर काच लावणाऱ्यांसाठीच दिलेलं आहे.

एक धोक्याची खूण मात्र आधीच पाहून घ्या. फोन सपाट टेबलावर ठेवून बाजूने बघा. स्क्रीन एका कडेने वर आलेली दिसली किंवा मागचं झाकण फुगलेलं वाटलं तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. ती आतून स्क्रीनला ढकलते आणि त्यानेही टच बिघडतो. अशा फोनची कसलीच चाचणी करत बसू नका. तो दाबून बसवू नका, चार्जिंगला लावू नका, बंद करून थेट दुरुस्तीला न्या.

पहिली चाचणी : आयकॉन ओढून बघा

कागदावर फोनच्या आकाराचा उभा चौकोन काढा. त्यात आडवे पाच आणि उभे तीन असे पंधरा खण पाडा. हा तुमच्या स्क्रीनचा नकाशा.

आता होम स्क्रीनवरचा कोणताही एक आयकॉन दाबून धरा. तो उचलला गेला की बोट न उचलता डावीकडून उजवीकडे, मग थोडं खाली येऊन उजवीकडून डावीकडे, शेतात नांगर फिरवावा तसा सगळ्या स्क्रीनभर फिरवा. काठाशी गेल्यावर पान पलटेल, तिथे थोडं आतून वळा. आयकॉन बोटाखालून मध्येच सुटला किंवा उडी मारून पुढे गेला तर ती जागा नकाशावर फुलीने दाखवा. तीच ओळ तीनदा फिरवा. तीनही वेळा तिथेच सुटला तर ती जागा मेलेली आहे. एकदाच सुटला तर बोट उचललं गेलं असेल.

ही चाचणी अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालते. अनोळखी माणसाकडून जुना फोन घेताना उभ्या उभ्या करता येण्यासारखी हीच.

दुसरी चाचणी : ‘पॉइंटर लोकेशन’

अँड्रॉइड फोनमध्ये कंपनीच्या इंजिनिअरांसाठी असलेली एक सोय सगळ्यांनाच वापरता येते. सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा आणि ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारा. सॅमसंगमध्ये तो ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’च्या आत असतो. शाओमी-रेडमीमध्ये बिल्ड नंबरऐवजी सिस्टीमच्या व्हर्जनवर टिचक्या माराव्या लागतात. फोन पिन विचारेल, तो द्या. मग सेटिंगमध्ये ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ असा नवा विभाग दिसू लागेल. त्यात ‘इनपुट’खाली ‘शो टॅप्स’ आणि ‘पॉइंटर लोकेशन’ ही दोन बटणं चालू करा. बाकी कशालाही हात लावू नका.

सीमाभागात अनेकांचा फोन कन्नड किंवा मराठीत असतो. तिथे ही नावं भाषांतर होऊन येतात आणि सापडत नाहीत. तेवढ्यापुरती फोनची भाषा इंग्रजी करून घेतली की सोपं जातं.

आता बोट लावलं की तिथे आडवी-उभी रेष येते, बोट फिरेल तसा माग उमटतो आणि वरच्या पट्टीत आकडे पळतात. ‘पी’ म्हणजे किती बोटं टेकली आहेत, ‘एक्स’ म्हणजे डाव्या काठापासूनचं अंतर आणि ‘वाय’ म्हणजे वरच्या काठापासूनचं. दोन्ही अंतरं पिक्सेलमध्ये.

यावर पाच गोष्टी करून बघा.

१) पूर्ण स्क्रीनवर रेषा ओढा. आडव्या, उभ्या, अगदी काठापर्यंत. माग जिथे तुटतो तिथे नकाशावर फुली.

२) पट्टी ठेवून तिच्या कडेने एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरकी रेष अगदी सावकाश ओढा. चांगल्या स्क्रीनवर ती बरीचशी सरळ येते. लाटांसारखी नागमोडी आली तर टचची मोजणी कच्ची आहे. ही युक्ती गल्लीतली नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या मोटो डेव्हलपमेंट ग्रुपने तेव्हाच्या नावाजलेल्या फोनची अशाच सावकाश तिरक्या रेषांनी तुलना केली होती. आधी माणसाच्या बोटाने आणि नंतर रोबोच्या बोटाने. फोनाफोनांतला फरक तेव्हा उघड दिसला होता.

३) एका जागी बोट टेकवून दहा सेकंद स्थिर धरा. आकडे थोडे हलणारच. पण बोट जागचं न हलता आकडे मोठ्या उड्या मारत असतील किंवा ‘पी’चा आकडा एकचा दोन होत असेल तर गडबड आहे.

४) दोन, तीन, मग पाच बोटं एकदम टेकवा. ‘पी’मध्ये तेवढाच आकडा यायला हवा. मग दोन बोटं एकमेकांजवळ आणा आणि लांब न्या. मध्येच एक बोट हरवत असेल तर फोटो झूम करताना किंवा भरभर टाइप करताना त्रास होणार.

५) एकाच जागी पटापट वीस टिचक्या मारा. ‘शो टॅप्स’चा ठिपका वीस वेळा दिसायला हवा. टिचकी एक आणि ठिपके दोन, हे ‘पन्नासचे पाचशे’ होण्याचं मूळ. पण आधी खात्री करा, बोट थरथरल्यानेही तसं होतं. दुसऱ्या माणसाला मारायला सांगा.

आयफोनमध्ये ही सोय नाही. तिथे ‘नोट्स’मध्ये चित्र काढायचं पेन घेऊन याच रेषा ओढाव्यात. रेष तुटते का, वळते का, हे त्यावरही कळतं.

तपासणी झाली की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ बंद करायला विसरू नका. ते चालू असल्यास काही बँकांची ॲप उघडत नाहीत आणि माणूस नव्याच काळजीत पडतो.

अचूकता किती असावी?

बोट टेकतं तिथेच नेमका टच लागतो का, हे पाहायचं तर मोजमापाचा अंदाज हवा. साडेसहा इंची, १०८० बाय २४०० पिक्सेलच्या स्क्रीनवर एका मिलिमीटरमध्ये सुमारे १६ पिक्सेल बसतात. त्याच आकाराची स्क्रीन ७२० बाय १६०० ची असेल तर साधारण १०-११.

कॅल्क्युलेटर उघडा. ‘पाच’च्या आकड्याच्या बरोबर मधोमध बोट लावा आणि रेषांची फुली कुठे पडते ते पाहा. असं चार कोपऱ्यांजवळच्या आणि मधल्या बटणांवर करा. एक-दोन मिलिमीटरचा फरक दोष धरू नये. बोट जाड असतं, आपण वरून बघतो तिथे आणि बोट टेकतं तिथे थोडं अंतर राहतंच. गुगलने ॲप बनवणाऱ्यांना घालून दिलेलं बटणाचं किमान माप सुमारे ९ मिलिमीटर आहे, ते याचसाठी. पण फरक चार-पाच मिलिमीटरचा असेल, आणि तो दर वेळी एकाच दिशेला असेल, तर शेजारचं बटण लागणारच. तिथे स्क्रीन दोषी धरायला हरकत नाही.

फोन आडवा करा, चोर सापडतो

दोष ॲपचा की स्क्रीनचा, हे ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण. समजा कीबोर्डवर ‘प’ लागत नाही. ऑटो-रोटेट चालू करा, फोन आडवा करा आणि पुन्हा टाइप करा. आता ‘प’ची जागा बदलली. तरीही ‘प’च लागत नसेल तर दोष कीबोर्डच्या ॲपमध्ये. ‘प’ लागला, पण पूर्वीच्या त्याच जागी आलेलं दुसरं बटण लागेनासं झालं, तर दोष काचेखालच्या जाळीत. जागा बदलली तरी दोष अक्षराबरोबर गेला तर सॉफ्टवेअर, दोष जागेवरच राहिला तर हार्डवेअर, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

हात न लावता चालणारा फोन

आपोआप टच लागण्याला ‘घोस्ट टच’ म्हणतात. याची तपासणी फोनला हात न लावता करायची. स्क्रीन बंद होण्याची वेळ वाढवा, पॉइंटर लोकेशन चालू ठेवा आणि फोन टेबलावर पाच मिनिटं नुसता ठेवा. स्क्रीनवर आपोआप रेषा उमटल्या तर कुठे उमटल्या ते नकाशावर लिहा.

मग चार्जर लावा आणि पुन्हा पाच मिनिटं बघा. चार्जर लावल्यावरच रेषा येत असतील तर स्क्रीनवर संशय घेण्याआधी चार्जर बदला. स्वस्तातल्या किंवा खराब चार्जरमधून विजेचा जो गोंगाट येतो, त्यात टच चिपला बोटाचा बारीक फरक ओळखता येत नाही. पॉवर बँक लावून बघितलं तर खात्रीच होते, कारण तिथे घरच्या विजेचा संबंधच नाही. पॉवर बँकवर टच ठीक आणि चार्जरवर वेडा, म्हणजे खर्च डिस्प्लेचा नाही, चार्जरचा.

तिसरी फेरी ‘सेफ मोड’ची. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरच्या मेनूतलं ‘पॉवर ऑफ’ दाबून धरलं की सेफ मोडबद्दल विचारलं जातं. काही कंपन्यांची पद्धत वेगळी असते. या मोडमध्ये आपण बाहेरून घेतलेली ॲप चालत नाहीत. इथे टच शहाण्यासारखा वागला तर नुकतीच घेतलेली ॲप एकेक करून काढा. फोन पुन्हा बंद-चालू केला की तो नेहमीसारखा होतो.

आयफोन ८ पासून पुढच्या फोनमध्ये आवाज वाढवायचं बटण एकदा, कमी करायचं एकदा दाबून सोडायचं आणि बाजूचं बटण ॲपलचं चिन्ह येईपर्यंत धरून ठेवायचं. फोन जबरदस्तीने पुन्हा सुरू होतो. टच गोठलेला असला तरी हे चालतं.

घोस्ट टच जोरात असेल तर तोपर्यंत त्या फोनवरून पैशाचे व्यवहार करू नका. चुकीचा पिन आपोआप पडत राहून फोन लॉकही होऊ शकतो. काम नसेल तेव्हा तो बंद ठेवलेला बरा.

कंपनीनेच दिलेल्या चाचण्या

सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये डायल पॅडवर *#०*# टाइप केलं की तपासणीचा मेनू उघडतो. त्यातल्या ‘टच’मध्ये स्क्रीनभर चौकटी येतात. बोट फिरवलं की चौकट रंगते. न रंगलेली चौकट म्हणजे मेलेली जागा. ‘सॅमसंग मेंबर्स’ ॲपमध्येही अशी तपासणी आहे. शाओमी-रेडमीमध्ये *#*#६४८४#*#* हा कोड आहे. आकडे अर्थातच फोनच्या डायल पॅडवरचे. प्रत्येक मॉडेलवर हे कोड चालतीलच असं नाही. यूट्यूबवर पाहून भलतेसलते कोड मात्र मारू नका.

टॅबची गोष्ट थोडी वेगळी

टॅबची स्क्रीन मोठी, म्हणून नकाशात खणही जास्त पाडा. दप्तरात दाबून टॅब वाकला की मधला भाग किंवा एक कड बिघडते. सपाट टेबलावर उलटा ठेवून तो डुलतो का, ते बघा. लिहिताना तळवा टेकल्याने रेषा येत असतील तर तो दोष नाही, मोठ्या स्क्रीनवर तसं होतं. पेन असलेल्या टॅबमध्ये बोटाने एकदा आणि पेनने एकदा, अशा दोन वेगळ्या चाचण्या करा. बोट चालतं आणि पेन चालत नाही, तर आधी पेनचं टोक आणि पेनची बॅटरी बघावी.

नकाशा काय सांगतो?

सरळ उभा किंवा आडवा पट्टा मेला असेल तर जाळीची रेष किंवा तिची जोडणी तुटलेली. इथे फोल्डर बदलण्याशिवाय सहसा मार्ग नसतो.

तडकलेल्या जागेभोवतीच फुल्या असतील तर मार तिथेच लागला आहे. काच तडकली, पण चित्र आणि टच दोन्ही सगळीकडे ठीक असतील, तर नुसती वरची काच बदलून मिळते का ते विचारा. मशीनवर काच वेगळी करून पुन्हा चिकटवणारी दुकानं असतात. काम नाजूक आहे, त्यात डिस्प्ले जाण्याचा धोकाही असतो. जबाबदारी कोणाची, हे आधीच बोलून घ्या.

फुल्या दर वेळी वेगळ्या जागी येत असतील, फोन तापल्यावर किंवा किंचित दाबल्यावरच टच जात असेल, तर केबलची जोडणी किंवा बोर्ड यांचा संशय घ्यावा. अशा वेळी थेट फोल्डर बदलणं म्हणजे अंदाजपंचे खर्च.

याचं जगजाहीर उदाहरण आयफोनचंच. आयफोन ६ प्लसमध्ये स्क्रीनवर करडी पट्टी लुकलुकायची आणि टच गोठायचा. फोन कठीण जागी अनेकदा पडून वर आणखी ताण आल्यावर हे होतं, असं ॲपलने सांगितलं आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यासाठी खास दुरुस्ती योजना आणली. स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांनी फोन उघडून पाहिले तेव्हा दोष बोर्डवरच्या टच चिपच्या जोडणीत निघाला. नवा डिस्प्ले लावून तो जात नव्हता. उलट नोव्हेंबर २०१८ मध्ये आयफोन एक्सच्या काही फोनमध्ये टच बिघडला तेव्हा दोष डिस्प्लेच्या संचातच होता आणि कंपनीने तो मोफत बदलून दिला. तक्रार दोन्हीकडे एकच, पण औषध वेगळं.

दुकानात नेण्याआधी

फोटो, कॉन्टॅक्ट, कागदपत्रं यांचा बॅकअप घ्या. टच पूर्ण गेलेला असेल तर अँड्रॉइड फोनला ओटीजी पिन लावून त्यात कॉम्प्युटरचा साधा यूएसबी माऊस जोडा. बहुतेक फोनमध्ये स्क्रीनवर बाण येतो आणि पिन टाकण्यापासून सगळं माऊसने करता येतं. काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं, म्हणून टच थोडा तरी जिवंत आहे तोवर ते करून ठेवा.

स्क्रीनचा पिन दुकानात सांगून येऊ नका. सॅमसंगच्या अलीकडच्या फोनमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आणि गुगलच्या पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ आहे. तो चालू करून दिला की दुरुस्ती करणाऱ्याला फोन तपासता येतो, पण आपले फोटो आणि ॲप दिसत नाहीत.

हिशोबही कागदावर मांडा. फोन अजून वॉरंटीत आहे का, ते आधी बघा. काच फुटली असेल तर वॉरंटी सहसा लागू होत नाही, पण न पडता, न भिजता टच गेला असेल तर अधिकृत सेवा केंद्रात तक्रार नोंदवून पावती घ्या. वॉरंटी संपली असेल तर फोन आज विकला तर किती येतील आणि दुरुस्तीला किती लागतील, हे दोन आकडे समोरासमोर लिहा. समजा फोन आज चार हजारांना जातो आणि डिस्प्लेला अडीच हजार लागतात. बॅटरीही उतरलेली असेल तर ही दुरुस्ती करायची की नाही, याचा विचार व्हायला हवा.

पैसे देण्याआधी

फोल्डर मूळ कंपनीचा, दुसऱ्या फोनमधून काढलेला की कॉपी, हे सरळ विचारा आणि बिलावर लिहून घ्या. दुरुस्तीची वॉरंटी किती दिवसांची आणि कशाची, हेही बिलावर हवं. तोंडी ‘काही झालं तर या’ याला उद्या किंमत राहत नाही.

मूळ ॲमोलेड डिस्प्लेच्या जागी स्वस्त एलसीडी बसवला तर स्क्रीनखालचा बोटाच्या ठशाचा सेन्सर चालत नाही. म्हणून पूर्वी चालत असलेलं फिंगरप्रिंट लॉक नव्या डिस्प्लेवर चालतं का, हे काउंटरवरच बघा. आयफोन ११ आणि त्यापुढच्या फोनमध्ये ‘अबाउट’मध्ये डिस्प्लेबद्दल ‘अननोन पार्ट’ असा शेरा येत असेल तर तो मूळचा भाग म्हणून दाम मोजू नका.

फोल्डर कायमचा चिकटवण्याआधी लावून दाखवायला सांगा. नेहमी दुरुस्ती करणारे हे खळखळ न करता करतात. घरून आणलेला नकाशा खिशातून काढा आणि ज्या खणांत फुल्या होत्या तिथेच आयकॉन ओढून बघा. कीबोर्ड, चारही काठ, दोन बोटांचा झूम, चार्जर लावून एक मिनिट, एवढं झालं की मगच पैसे. फोन उघडल्यावर त्याची पाणी अडवण्याची मूळ क्षमता टिकेलच असं नाही, हेही ध्यानात असू द्या.

वॉरंटी असूनही दाद मिळाली नाही किंवा मूळचा सांगून कॉपी घातली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच असतो, तो म्हणजे बिल आहे का?

थोडक्यात

– आधी पुसा, कव्हर-ग्लास-चार्जर काढा, फोन बंद-चालू करा.
– आयकॉन ओढून मेलेली जागा शोधा, कागदावर फुली मारा.
– पॉइंटर लोकेशनवर रेषा, स्थिर बोट, पाच बोटं आणि टिचक्या तपासा.
– फोन आडवा करून दोष जागेचा की ॲपचा ते ठरवा.
– घोस्ट टच चार्जरसह, चार्जरविना आणि सेफ मोडमध्ये बघा.
– स्क्रीन वर आलेली दिसली तर फोन बंद करा, दाबू नका.
– बॅकअप, बिल आणि नकाशा हातात असल्याशिवाय दुरुस्ती नको.

दुरुस्ती करणारा कितीही जाणकार असला तरी त्याच्या हातात फोन दहा मिनिटं असतो, आपल्या हातात दिवसभर. तो कुठे आणि कधी अडतो, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. ‘टच गेलाय’ एवढंच सांगण्याऐवजी ‘डाव्या कडेचा हा पट्टा लागत नाही, चार्जर काढला तरी लागत नाही’ असं सांगितलं, तर काम लवकर होतं आणि नको तो खर्च टळतो.